तयार म्हणजे किती तयार

टीव्हीवर गाडीच्या मागून पांढऱ्या धुराची रेघ निघाली आणि नवऱ्याने चटकन रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

“लाइट गेली,” तो म्हणाला.

डोक्यावर पंखा गरगरत होता. मायक्रॉनताईंनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. तीस वर्षं बस चालवलेल्या या माणसाला अजून धड खोटं बोलता येत नव्हतं. कितव्या फेरीला, एवढंच त्यांनी विचारलं. त्रेचाळिसाव्या, असं पुटपुटून तो चहा टाकायला उठला.

मागच्या वेळी एकेचाळिसावी होती, त्याआधी चव्वेचाळिसावी. अकरा शर्यतींतलं हे सातवं इंजिन. आणि सातही इंजिनं एकाच जागी गेली होती, मागच्या बेअरिंगमध्ये. ते बेअरिंग बसवणारे हात ताईंचे होते.

शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. माणसाच्या एका केसाच्या जाडीत साधारण सत्तर मायक्रॉन मावतात आणि ताईंच्या अंगठ्याला त्यातल्या दोनांचा फरक कळतो, अशी त्यांची ख्याती होती. नाव त्यावरूनच पडलं. ख्यातीत थोडी भर लोकांनी घातलेली होती, पण ताईंनी ती कधी खोडून काढली नाही. आता मात्र त्या अंगठ्याकडे पाहायची त्यांना भीती वाटू लागली होती. वय सत्तावन्न. हात म्हातारे झाले की ते स्वतःहून सांगतात का, की दुसऱ्यांकडून कळतं?

पूर्वी कारखान्याचा स्वतःचाच संघ होता. तो बंद पडला आणि यंदा पहिल्यांदाच इंजिनं दुसऱ्याच्या गाडीत गेली. करार झाला तेव्हा दोन्हीकडच्या साहेबांनी एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. आता दोघांत व्याह्याव्याह्यांसारखी गोड आणि विखारी पत्रं चालू होती. तुम्ही आमच्या मुलीला नीट नांदवत नाही, असं इंजिनवाले म्हणत. तुम्ही आजारी मुलगी आमच्या गळ्यात मारली, असं गाडीवाले म्हणत. इंजिनाला सील असल्यामुळे गाडीवाल्यांना ते उघडता येत नसे, आणि गाडीत नेऊन बसवल्यावर त्याचं काय होतं ते कारखान्यात इंजिन जोडणाऱ्या जोडाऱ्यांनी कधी पाहिलेलं नसे.

सोमवारी इंजिनं जोडायच्या हॉलच्या साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ ते हवापाण्याचं बोलले, तेव्हाच ताईंनी ओळखलं. शेवटी त्यांनी डोळे एकदा दाखवून घ्यायला सुचवलं. पुढच्या इंजिनापासून मागचं बेअरिंग समोरच्या टेबलावरचा तो लांबोडा जोडारी बसवेल. ताईंनी तोवर नटबोल्ट तपासावेत. येत्या रविवारच्या शर्यतीतही इंजिन गेलं तर व्याही करार मोडणार, असं पत्रच आलं होतं. त्या शर्यतीचं इंजिन ताईंनीच जोडलेलं होतं आणि ते पेटीत बंद होऊन आधीच रवाना झालं होतं.

“साहेब, मला तिथं पाठवा,” ताई म्हणाल्या. “माझं इंजिन कसं मरतं ते मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे. मग डोळे दाखवते.”

जोडारी शर्यतीला जात नसत. पण साहेबांना अपराधी वाटत होतं, त्यामुळे ते हो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ताई सराव बघायला शर्यतीच्या मैदानावर संघाच्या गॅरेजच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. कानात बोळे, गळ्यात पास, आणि पाठीमागून येऊन पायांवर आदळणाऱ्या टायरच्या ढकलगाड्या. त्या जागेचा मालक म्हणजे संघाचा मुख्य मेकॅनिक. त्याला सगळे फौजदार म्हणत. तो बोलत नसे, हुकूम सोडत असे. मागचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून येणारं गार वारं थेट गाडीच्या पाठीवर आपटत होतं.

अशा इंजिनात फटी इतक्या बारीक असतात की ते थंड असताना सुरू करणं म्हणजे त्याचा गळा दाबणंच. म्हणून आधी बाहेरच्या यंत्रातून गरम तेल आत फिरवतात. पडद्यावर तेलाच्या तापमानाचा आकडा चढत गेला. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी.

“तयार!” फौजदार ओरडला आणि सरावासाठी बसवलेलं जुनं इंजिन गरजलं.

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. कारखान्यात असं होत नसे. तिथं तेल ऐंशीवर आलं की घड्याळ लावायचं आणि बारा मिनिटं थांबायचं. तेल गरम झालं म्हणजे लोखंड गरम झालं असं नव्हे. सगळ्यात शेवटी ऊब पोचते ती मागच्या टोकाला. तिथं तळहात लावायचा, हाताला पटलं की तयार म्हणायचं. थंड बेअरिंगवर सुरुवातीलाच एक ओरखडा उमटणार, आणि तो वाढत वाढत चाळिसाव्या फेरीनंतर जीव घेणार. अकरांतली चार इंजिनं वाचली ती कुठल्या शर्यतींत, हे त्यांनी मनातल्या मनात आठवलं. चारही भर उन्हाळ्यातल्या.

सराव संपल्यावर त्यांनी फौजदाराला गाठलं आणि थांबत का नाही म्हणून विचारलं.

“कशासाठी थांबायचं? ऐंशी झालं की तयार.”

“तयार कुठं? मागं हात लावून बघितलात?”

“बाई, आम्ही तुमच्याच पुस्तकाप्रमाणे चालतो. त्यातलं अक्षर इकडचं तिकडं करत नाही.”

त्याने कपाटातून कारखान्याचं सूचनापुस्तक काढून नववं पान समोर धरलं. पानाच्या कडा बोटांनी काळ्या झाल्या होत्या, म्हणजे माणूस खरंच वाचत होता. ‘तेल ऐंशी अंशांवर आणावे. इंजिन तयार झाल्यावर सुरू करावे.’ बस, एवढंच.

ताईंनी ती दोन वाक्यं ओळखली. करार झाल्यावर साहेबांनी प्रत्येक जोडाऱ्याला आपापला भाग लिहून द्यायला सांगितलं होतं. सुरू करण्याचा भाग त्यांच्याकडे आला होता. चहाच्या सुट्टीत त्यांनी तो लिहिला आणि किती थोडक्यात लिहिलं म्हणून स्वतःवर खूशही झाल्या. बारा मिनिटं लिहायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. तयार म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही.

कारखान्याचा एक इंजिनिअर संघासोबत गॅरेजमध्येच असे. तो हुशार होता, पण त्याचा संबंध पडद्यावरच्या आकड्यांशी; हॉलमधली बारा मिनिटं त्याने कधी पाहिली नव्हती. ताईंचा चेहरा पाहूनच त्याला सगळं कळलं. तो त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “ताई, हे कुणी लिहिलं ते इथं कुणाला ठाऊक नाही. कारखान्याकडून नवी सूचना आली एवढंच सांगू. तुमचे हात तर सुटले ना यातून?”

सुटले होते. एका क्षणात सुटले होते, आणि त्या आनंदाने ताईंना अक्षरशः उडी मारावीशी वाटत होती. अर्धं मिनिट त्यांना त्याचं म्हणणं पटलंही. मग पुस्तक हातात घेऊन वाट पाहत उभ्या असलेल्या फौजदाराकडे त्यांची नजर गेली.

“हे मी लिहिलंय,” त्या सरळ जाऊन म्हणाल्या. “अर्धवट लिहिलंय. ऐंशीनंतर बारा मिनिटं थांबायचं असतं. तुमचं काही चुकलेलं नाही.”

फौजदाराने पुस्तक मिटलं. “सात इंजिनं,” तो म्हणाला. “दर वेळी मी माझ्या माणसांना फाडून खाल्लं.”

“आणि मी माझ्या हातांना.”

तो आता काहीतरी भयंकर बोलेल म्हणून इंजिनिअर दोन पावलं मागे सरकला. पण फौजदाराने आधी जाऊन मागचं दार लावून घेतलं. मग तो म्हणाला, “रविवारी तयार तुम्ही म्हणायचं. तुम्ही म्हणेपर्यंत इथं कुणी बटणाला हात लावणार नाही.”

रविवारी सरावाचं इंजिन काढून पेटीतून आलेलं, इथं अजून एकदाही सुरू न झालेलं इंजिन गाडीत बसवलेलं होतं. तेल ऐंशीवर आलं आणि ताईंनी घड्याळ लावलं. शेजारच्या गॅरेजांतली इंजिनं एकेक करून गरजू लागली. संघाचे मालक दोनदा येऊन गेले आणि फौजदाराचा चेहरा पाहून दोनदा परत फिरले. बारा मिनिटं झाली. ताईंनी मागच्या टोकाला तळहात लावला आणि आणखी दोन मिनिटं थांबवलं, कारण वारं होतं.

“तयार,” त्या म्हणाल्या.

शर्यत अठ्ठावन्न फेऱ्यांची होती. चाळिसाव्या फेरीला त्यांची गाडी दुसरी होती. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. चव्वेचाळिसावी फेरी पूर्ण झाली तेव्हा कुणीतरी सुस्कारा सोडला आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

पुढची गाडी आता चार सेकंदांवर होती. दरवेळी याच सुमाराला चालकाला इंजिन जपायला सांगत. फौजदाराने माइकवर हात ठेवून ताईंकडे पाहिलं.

“ढिलं सोडायला सांगू?”

हो म्हटलं तर दुसरा क्रमांक जवळजवळ हातात होता आणि करारही वाचला असता. नाही म्हटलं आणि धूर निघाला तर सगळंच संपलं. ताईंना सव्वीस वर्षांत एवढी भीती कधी वाटली नव्हती. त्यांनी डोळे मिटून ते बेअरिंग बसवतानाचा दिवस आठवला, अंगठ्याखालचा त्याचा सरळ, शांत स्पर्श आठवला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पळवू दे त्याला.”

चोपन्नाव्या फेरीला चालकाने पुढच्या गाडीला आतल्या बाजूने मागे टाकलं, आणि नंतर ते अंतर वाढतच गेलं. गाडीने पहिल्या क्रमांकाने रेषा ओलांडली तेव्हा गॅरेजमध्ये जो कल्ला झाला तो ताईंना नीट ऐकूच आला नाही, कारण कानातले बोळे काढायचं भान त्यांना नव्हतं. फौजदार टायरच्या चवडीवर बसून दोन्ही हातांत तोंड लपवून रडत होता, आणि त्याची माणसं शहाण्यासारखी दुसरीकडे बघत होती. घरून नवऱ्याचा फोन आला.

“लाइट होती का?” ताईंनी विचारलं.

“होती गं,” तो कसाबसा म्हणाला. “शेवटपर्यंत होती.”

दुसऱ्याच दिवशी व्याह्यांनी करार तीन वर्षांनी वाढवला. बुधवारी इंजिन कारखान्यात परत आलं. उघडायचं काम वेगळ्या माणसांचं असे, पण साहेबांनी ते ताईंच्या टेबलावर ठेवायला लावलं. ताईंनी सील तोडलं, एकेक भाग काढत त्या मागच्या टोकाशी पोचल्या, आणि बेअरिंगची अर्धी वाटी काढून दिव्याखाली धरली. एकसारखा मंद करडा रंग. ओरखडा कुठंच नाही.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “ताई, माझं चुकलं.”

“माझंही चुकलं होतं,” ताई म्हणाल्या. “नववं पान मी पुन्हा लिहून देते. आता भरपूर मोठं लिहीन.”

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत हॉलमधले जोडारी एकामागून एक त्यांच्या टेबलाशी आले. प्रत्येकाने ती वाटी उचलली, आतून अंगठा फिरवला आणि जपून खाली ठेवली. सगळ्यांत शेवटी लांबोडा आला. त्याने वाटी बराच वेळ हातात धरली, ठेवण्याआधी खिशातलं मऊ फडकं काढून तिच्यावरचा आपल्या अंगठ्याचा ठसा पुसला, आणि जाऊन समोरच्या आपल्या टेबलाशी बसला.