बारावी चौकट

मित्रांनो, मी कागद आहे, पण साधासुधा नव्हे. मासिकात चित्रकथा छापून येते ना, तिचं मी हाताने काढलेलं मूळ पान. माझा जन्म बेल्जियममधला. एमिल नावाच्या चित्रकाराने माझ्यावर आधी निळ्या पेन्सिलीने पुसट आखलं, मग टाकाने शाई भरली. अकरा चौकटी पुऱ्या झाल्या. अकराव्या चौकटीत एक प्रवासी बंद दारावर थाप मारतो. दारामागे कोण, ते बाराव्या चौकटीत दिसणार होतं. तिथे एमिलने चार-पाच निळ्या रेघा ओढल्या आणि त्याच आठवड्यात तो वारला. साल होतं १९४९.

मग त्याच्या धाकट्या भावाने, गुस्तावने, एमिलचं सगळं गोळा केलं. छापलेले अंक, बोथट टाक, दौत आणि मी. इकडे डोंबिवलीजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात यंत्रं बसवायला तो आला, तेव्हा ही सारी इस्टेट पेटीतून बरोबर आली. संध्याकाळी तो मला मांडीवर घेई आणि त्या निळ्या रेघांकडे बघत बसे. कधी त्याला त्यांत टोपी दिसे, कधी कुणाचा खांदा. भावाच्या मनात शेवटी काय होतं, ते सांगणारं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

कारखान्यात प्रभाकर नावाचा ड्राफ्ट्समन होता, डोंबिवलीचा. माणूस सज्जन, हात सफाईदार, आणि विलायती चित्रकथांची कात्रणं जमवण्याचं वेड. त्याने फारच गळ घातली, म्हणून गुस्तावने मला आठ दिवसांसाठी त्याच्या घरी धाडलं. तिथे माझी बडदास्त काय वर्णावी! हात धुतल्याशिवाय मला कोणी शिवत नसे. पण रविवारी दुपारी त्याची बायको मंदाकिनी म्हणाली, "अहो, उद्या साहेबांचं पान नुसतंच परत करणार? शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी पाठवत नाही."

प्रभाकरची नजर बाराव्या चौकटीवर गेली.

"अगं, ही एवढीच राहिलीय बघ. पुरी करून देतो. साहेब खूश होतील."

"मी लाडवांचं म्हणत होते. त्यांना विचारा तरी आधी."

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

त्याने टेबल पुसलं, खिडकी उघडली, रबर शोधून काढलं. तो गुणगुणत होता. मला ओरडायचं होतं, पण कागदाला कुठलं तोंड? रबर फिरलं. एक रेघ गेली, दुसरी गेली. चौकट कोरी झाली, तशी त्याने फुंकर मारली आणि शाईत टाक बुडवला. दारात हसतमुख बाई, हातात दिवा. चित्र सुरेख झालं होतं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी गुस्तावने मला उघडलं. त्याने मला उजेडाला धरलं आणि बारावी चौकट जवळून न्याहाळली. "नीला पेन्सिल?" त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं.

"साफ केली, साहेब!" प्रभाकर अभिमानाने म्हणाला.

गुस्तावने मला गुंडाळून प्रभाकरच्या हातात दिलं. "ये तुम रखो."

आज मी डोंबिवलीत काचेच्या फ्रेममध्ये आहे. मित्रांनो, कुणी विश्वासाने हाती दिलेली वस्तू अपुरी दिसली, तरी तशीच परत करा. तिच्यात काय आहे, हे देणाऱ्यालाच ठाऊक असतं. येणारेजाणारे माझी तारीफ करतात, तेव्हा प्रभाकर सांगतो, "साहेब इतके खूश झाले, की पानच मला देऊन टाकलं."