ब्लेकफर्डचे सात करंडक
आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, आठ कॉलेजं आहेत. गेल्या दहा वर्षांत मुलींच्या बास्केटबॉलचं विजेतेपद ब्लेकफर्डनं सात वेळा नेलं, आमच्या मिल क्रीकनं एकदाही नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. आयोवाच्या आमच्या या कोपऱ्यात कुठेही कॉफी प्यायला बसा, शेजारच्या टेबलावरून हे आकडे तोंडावर फेकले जातातच.

मी वर्न डायकस्ट्रा. दिवसा मक्याच्या कोठारावर असतो आणि हिवाळ्यात कॉलेजच्या जिममध्ये सामन्यांना माईकवर. निवेदकाची आमच्याकडे एक रीत आहे. पाहुण्या संघाची नावं सपाट आवाजात, वाणसामान सांगावं तशी सांगून टाकायची. आपल्या पोरींची मात्र गावासकट, ताणून, छपराला भिडतील अशी पुकारायची.

मार्गिट हूक्स्ट्रा आमची कोच. ती शेताशेतांवर फिरून अशा पोरी शोधून आणते, ज्यांच्याकडे दुसऱ्या कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. दोन वर्षं त्यांना घासूनपुसून तयार करते. मग ब्लेकफर्डवाले मोठी शिष्यवृत्ती घेऊन येतात आणि तयार पोर उचलून नेतात. सगळं नियमात बसतं. त्यांच्या सातही विजेत्या संघांत मार्गिटच्या हाताखालून गेलेली एक तरी पोर होती, पण करंडकावर ते कोण कोरणार?

आणि आमचं गाव तरी काय कमी आहे? पोर गेली की व्हरांड्यातला तिचा फोटो उतरवतात. ती पाहुण्यांच्या कपड्यांत खेळायला आली की हुर्यो उडवतात. तिला इथेच घडवलं, हे बोलायचीही चोरी.

या फेब्रुवारीत घरच्या कोर्टावरचा शेवटचा सामना ब्लेकफर्डशीच होता. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या पोरींना आई-वडिलांसोबत कोर्टाच्या मध्यावर बोलवतात आणि कोच प्रत्येकीला गुलाब देते. नेमकं त्याच संध्याकाळी ब्लेकफर्डला 'दशकातला सर्वोत्तम संघ' म्हणून करंडक द्यायचं कॉन्फरन्सनं ठरवलं. तोही आमच्या जिममध्ये. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

सामन्याआधी क्रीडा संचालक ट्रेंट पाव्हलक माझ्या टेबलाशी आला. मार्गिट तिथेच उभी होती.

"कोच, सोमवारी विश्वस्तांपुढे दहा वर्षांची तुलना जाणार आहे," तो म्हणाला. "ते सात, आपण शून्य. तुमचा करार त्यावरच ठरणार. निदान आज तरी पाहुण्यांशी नीट वागा."

"नीटच वागणार आहे," मार्गिट म्हणाली. तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "वर्न, आपल्या चौघींनंतर कॅलिस्टा ब्रांटला बोलव."

कॅलिस्टा ब्लेकफर्डची सगळ्यात भारी खेळाडू. आमच्याकडे दोन वर्षं खेळून गेलेली. हे तिचंही शेवटचं वर्ष.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी विचारलं. "लोक हुर्यो उडवतील. आणि तो पाव्हलक तुला सोमवारपर्यंतसुद्धा ठेवायचा नाही."

"त्याला कारणच हवंय ना, घेऊ दे. मी पाच गुलाब आणलेत. आता एक काय परत नेऊ?"

"गुलाबाचं सोड, नोकरी जाईल."

"अरे, त्या पोरीला डावा हात वापरायला मी शिकवलं. भिंतीशी उभी राहून रडायची आणि परत चेंडू उचलायची. ती गेली म्हणून ते शिकवणं झालंच नाही? तुला जमत नसेल तर माईक इकडे दे."

मी माईक माझ्याकडे ओढून घेतला. खरं सांगतो, मला संताप आला होता, पण तो तिचा नव्हता.

आमच्या चौघी झाल्या. टाळ्या थांबल्या. मी माईक तोंडाशी धरला आणि छपराला भिडेल अशा आवाजात पुकारलं, "होल्स्टीनच्या रस्त्यावरच्या ब्रांटांची लेक, मिल क्रीकची, कॅलिस्टा ब्रांट."

वरच्या रांगेतून हुर्यो सुरू झाली. ब्लेकफर्डच्या बाकावर कॅलिस्टा खाली मान घालून बसून राहिली. तिच्या कोचनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, बसवून ठेवायला.

मार्गिट कोर्टाच्या मध्यावर गुलाब धरून उभी होती. ती हलली नाही. हुर्यो वाढली, तरी हलली नाही. शेवटी कॅलिस्टानं खांद्यावरचा हात बाजूला केला आणि ब्लेकफर्डच्या निळ्या कपड्यांतच चालत आली. गुलाब घेताना तिनं मार्गिटला अशी मिठी मारली की दोघींचा तोल जायला आला. हुर्यो थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला असं मी म्हणणार नाही. थोड्या पडल्या, त्यात माझ्या होत्या.

पाव्हलक धावत माझ्याकडे आला. "चूक झाली म्हणून सांगा. आत्ताच्या आत्ता."

"कसली चूक? पोर इथलीच आहे."

"वर्न, मी हुकूम देतोय."

"मग तूच बोल," मी माईक त्याच्यापुढे धरला. सगळी जिम बघत होती. त्यानं माईक घेतला नाही.

सामना आम्ही हरलो, सडकून हरलो. कॅलिस्टानं आमच्याविरुद्धच डाव्या हातानं बास्केटमध्ये चेंडू टाकले आणि प्रत्येक वेळी मार्गिट ओठ चावत हसली. नंतर करंडक दिला गेला, तेव्हा आमची कोच शेवटपर्यंत टाळ्या वाजवत उभी राहिली.

सोमवारी विश्वस्तांनी तुलना पाहिली आणि तिला काढलं. पत्रात लिहिलं होतं, दशकभरात खेळाडू घडवण्यात अपयश. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून ते वाचत होती आणि मी कॉलेजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. ब्लेकफर्डचा कोच होता.

"तुम्ही मोकळ्या झाल्यात असं कळलं," तो गोड आवाजात म्हणाला. "आमच्याकडे सहायक म्हणून या. पगार तुमच्या आताच्या दुप्पट. खेळाडू घडवणारं तुमच्यासारखं माणूस अख्ख्या कॉन्फरन्समध्ये दुसरं नाही, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे."

मार्गिटनं पत्राची घडी घातली.

"दहा वर्षं माझ्या पोरी नेल्यात," ती म्हणाली. "आता मलाही न्यायला आलात? मी इथे शाळेतल्या पोरींना शिकवणार आहे. चार वर्षांनी याल तेव्हा दार वाजवा, मी बघेन उघडायचं का ते."

आणि तिनं फोन ठेवून दिला.