सुई कुठे गेली

त्याला सगळे कानसेन म्हणायचे, आणि हे नाव त्याने कमावलेलं होतं. धुक्यात हातभर अंतरावरचं झाड दिसत नसताना हा माणूस वाटेत थबकायचा, एक बोट वर करायचा आणि सांगायचा, ‘सुतार. नर. ओढ्याच्या पलीकडे, वाळक्या खोडावर.’ धुकं विरलं की सुतारपक्षी तिथेच, वाळक्या खोडावर ठोकत बसलेला. आणि नर! नुसतं ऐकून नर कसा कळतो, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, ‘कळतो.’ पुढे एक अक्षर नाही. वनरक्षक म्हणून तीस वर्षं झाली होती आणि स्वभाव पहिल्या दिवसापासूनच तिरसट होता, पण त्याचे कान चुकलेले कुणी पाहिले नव्हते.

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच वाघ नि हत्ती नाचायला लागतात. हे तसलं नव्हे. एका डोंगराच्या अंगाखांद्यावर उरलेलं जंगल, बस्स. सकाळी खालच्या फाटकातून निघालेला माणूस दुपारच्या डब्याला वरच्या फाटकाशी पोचतो, एवढाच पसारा. भेकरं आहेत, साळिंदर आहे, एक म्हातारं अस्वल आहे. ते वर्षातून दोनदा एकाला दिसतं आणि दहा जण आपल्यालाच दिसलं म्हणून सांगत फिरतात. आणि अगदी माथ्यावर, जिथे फांदी न् फांदी शेवाळाने लगडलेली असते, तिथे सुई राहते.

सुई म्हणजे पाखरू. अंगठ्याएवढं, हिरवट, डोळ्याभोवती पिवळं कडं. पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, ते फक्त अहवालात लिहायचं. वनरक्षकांनी तिला सुई म्हटलं ते आवाजावरून, कारण तो इतका बारीक आणि टोकदार असतो की कानात टोचतो. ती शेवाळातच घरटं करते, शेवाळातलेच किडे खाते आणि शेवाळ सोडून कुठे जात नाही. तिच्यापायी माथ्याचं जंगल माणसांना बंद होतं. वर्षातून एकदा मोजणीला दोघांनी वर जायचं. बारा थांबे, दर थांब्यावर दहा मिनिटं. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने तोंड मिटून लिहायचं. ऐकणारा दरवर्षी तोच हवा, म्हणजे या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. आता ऐकणारा कोण, हे काय सांगायला हवं?

आणि गेली सहा वर्षं सुई कमी होत चालली होती. एकतीसच्या सव्वीस झाल्या, मग अठरा, मग अकरा, सहा, दोन. गेल्या वर्षी शून्य.

कानसेनने हे फार मनाला लावून घेतलं. ऊन वाढलंय, धुकं वर सरकतंय, शेवाळ सुकतंय, असं तो ज्याला त्याला सांगायचा. मधूनच जेवता जेवता हात थांबायचा आणि म्हणायचा, ‘माझ्या डोळ्यांदेखत गेली गं ती.’ त्याची बायको उद्यानाच्या रोपवाटिकेत कामाला होती. दिवसभर काळ्या पिशव्यांत माती भरून रोपं लावायची, आणि सगळा स्टाफ तिला वहिनी म्हणायचा. त्या गुपचूप ताटात आणखी थोडा भात वाढायच्या.

यंदा मोजणीच्या आदल्या दिवशी मुख्य कार्यालयातून मॅडम आल्या. दर दहा वर्षांनी उद्यानाचा आराखडा नव्याने होतो, तो या वेळी त्यांच्याकडे होता. बाई सरळ होती. तिने चहाचा कप बाजूला ठेवला आणि स्पष्टच सांगितलं, ‘काका, उद्याही शून्य आलं तर मला ‘इथून नाहीशी’ असं लिहावं लागेल. मग माथा बंद ठेवायला कारण उरत नाही. वर गाडीरस्ता आणि पर्यटकांसाठी मनोरा करायचा प्रस्ताव कधीचा पडून आहे. मी तो किती दिवस अडवू?’

कानसेन म्हणाला, ‘ऐकलं.’ आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

त्यात भर म्हणजे लिहिणारा जोडीदार त्याच संध्याकाळी आडवा झाला. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण बटण दाबलं की बंद व्हायचा नाही. मोजणीत मात्र वर्षातून एक सकाळ तो खरोखर तोंड मिटायचा. पक्ष्यांतलं त्याला ओ की ठो कळत नसे, त्यामुळे कानसेन सांगेल ते लिहायचं आणि मोकळं व्हायचं. तर हा गडी मागे बघून बोलत बोलत ओट्यावरून उतरला आणि घोटा सुजवून बसला. आता दुसरा आणायचा कुठून? हजेरीपटावर नाव असलेलं कुणीही चालेल, असं मॅडम म्हणाल्या. त्या वेळी खाली हजर असलेलं एकच माणूस उरलं होतं.

‘मी?’ वहिनी म्हणाल्या. ‘सव्वीस वर्षांत कधी वर नेलं नाहीत, आणि आता कारकून म्हणून नेताय?’

‘बंद असतं ते. मी काय करू?’

‘काही करू नका. डबा मी घेते, पाणी तुम्ही घ्या.’

दोघं उजाडता उजाडता माथ्यावर पोचली. वहिनींना धाप लागली होती, पण वर आल्यावर त्यांनी तक्रारीसाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. खोडं, फांद्या, दगड, सगळं हिरवं आणि मऊ. पायाखाली आवाज म्हणून नाही. ‘अहो,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘हे जंगल आहे की गादी?’ कानसेनने ओठांवर बोट ठेवलं.

पहिला थांबा. दहा मिनिटं. त्याने डोळे मिटले, मान जराशी कलती केली. ‘रानकबुतर, दोन. सुतार, एक. खाली भेकर ओरडलं, ते नाही लिहायचं.’ वहिनी लिहीत होत्या. ‘सुई, शून्य.’ दुसरा थांबा. ‘कबुतर एक. धनेश, लांबून जाताना. सुई, शून्य.’ तिसऱ्या थांब्यावर त्याने दहाची बारा मिनिटं केली. नियम मोडणारा माणूस नव्हे हा! शेवटी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

‘लिही,’ तो म्हणाला. ‘सुई, शून्य.’

वहिनींची पेन्सिल कागदावर टेकली, पण हलेना. ‘बोलू का?’

‘थांबा संपला. बोल.’

‘मग ही चिरचिर कुणाची?’

‘कसली चिरचिर?’

‘ही काय! पहिल्या थांब्यापासून डोकं उठवलंय हिने. मला वाटलं किडा असेल, तुम्ही किडे काही लिहायला सांगत नाही म्हणून गप्प बसले. आता तर अगदी डोक्यावर आहे.’ त्यांनी पेन्सिलीनेच वर दाखवलं.

कानसेनने दुर्बीण वर केली. शेवाळाच्या झुबक्यात काही हललं. हिरवट अंग, पिवळं कडं. सुई! चोच उघडी होती, गळ्याची पिसं थरथरत होती, सगळं एवढंसं अंग जोर लावून हलत होतं. आणि आवाज काही नाही.

‘आता ओरडतेय?’ दुर्बीण न काढता त्याने विचारलं.

‘हो.’

चोच मिटली. ‘आता?’

‘थांबली.’

चोच उघडली. ‘आता?’

‘पुन्हा सुरू. अहो, कान किटले माझे, तुम्हाला खरंच...’ आणि वहिनी बोलता बोलता थांबल्या.

तो मटकन खाली बसला, ओल्या शेवाळात, खाकी पँटीची पर्वा न करता, आणि हमसून हमसून रडायला लागला. सव्वीस वर्षांच्या संसारात वहिनींनी हा माणूस असा पाहिला नव्हता. त्यांनी वही टाकली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘असू दे हो. वय झालं की होतंच. कानाला यंत्र मिळतं हल्ली...’

‘कानाचं काय घेऊन बसलीस!’ तो ओरडलाच. ‘ती आहे गं! कुठेही गेली नाही. सहा वर्षं मी तिचं सुतक पाळत बसलो आणि ही बया इथेच डोक्यावर बसून गातेय! कान गेले. नुसते माझे कान गेले!’ आणि रडता रडता तो हसायला लागला. ‘उपकार झाले गं बाई तुझे.’

‘कुणाचे? माझे की तिचे?’

‘दोघींचे.’

मग डबा उघडून दोघं तिथेच टेकली, तेव्हा वहिनींनी एक एक सांगायला सुरुवात केली. त्याचं घड्याळ रोज पाचला वाजायचं. ते बिघडलंय म्हणून त्याने दोनदा दुरुस्तीला टाकलं होतं आणि दोन्ही वेळा दुकानदाराने काही बिघाड नाही म्हणून परत दिलं होतं. घड्याळ रोज वाजत होतं. वहिनी शेजारच्या खोलीतून उठून यायच्या, ते बंद करायच्या आणि मुद्दाम भांडी आपटायच्या, म्हणजे घड्याळाविना हा वेळेवर जागा व्हावा. माणसांचं बोलणं त्याला नीट ऐकू येत होतं, सुतार ऐकू येत होता, घुबड ऐकू येत होतं. फक्त वरचे, बारीक आवाज एकेक करून गळत गेले होते.

‘आणि तू बोलली नाहीस?’

‘मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही लपवताय. कानसेन म्हणतात लोक तुम्हाला. म्हणून मीही लपवलं. पाखरांचं मला काय ठाऊक? तुम्ही म्हणालात गेली, तर गेली.’

एवढी वर्षं ही बाई पहाटे पाचला भांडी आपटत होती, आणि तो तिच्यावर खेकसत होता की सकाळी सकाळी काय धांगडधिंगा! त्याने डब्यातला शेवटचा घास तिच्यापुढे सरकवला. त्याच्याकडून हे जरा जास्तच होतं, म्हणून वहिनींनी तो मुकाट्याने खाल्ला.

मग त्यांनी पहिल्या थांब्यापासून पुन्हा सुरुवात केली. वहिनी ऐकायच्या, पेन्सिल रोखायच्या. कानसेन दुर्बिणीतून बघायचा, मान हलवायचा. ‘एक तिथे. एक, नाही, दोन त्या वाकड्या झाडावर.’ बाराव्या थांब्यापर्यंत वहिनींना नर-मादीसुद्धा कळायला लागली होती. ‘कशी कळते?’ त्याने विचारलं. ‘कळते,’ वहिनी म्हणाल्या. एकोणतीस भरल्या.

उतरताना मात्र कानसेनच्या मनात एक विचार डोकावला. एकोणतीस एवढंच लिहून दिलं तर? सुई परत आली, संपलं. माथा वाचला, नावही राहिलं. कुणाला काही कळणार नव्हतं, आणि वहिनी तर मेल्या तरी बोलल्या नसत्या. पण मग सहा वर्षांचे ते आकडे तसेच राहिले असते. उद्या कुणीतरी त्यांवरून भलताच शोध लावला असता, की सुई अशीच जाते नि येते, काळजीचं कारण नाही. आणि खरोखर जायची वेळ आली तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नसतं. हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच पाय जड झाले होते.

कार्यालयात मॅडम वाटच बघत होत्या. सुजलेला घोटा खुर्चीवर ठेवून रेडिओही बसला होता, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळीकडे बोभाटा होणार हे नक्की. कानसेनने वही टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं, ‘एकोणतीस आहेत. आधीही असणार. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, सहा वर्षं तरी झाली. माझे आकडे खोटे आहेत. ते खोडा.’

रेडिओ बंद पडला. असं त्या इमारतीत पहिल्यांदाच घडलं.

मॅडमनी वही उघडली, मिटली. ‘काका, तुमच्या आकड्यांवर पहिल्यांदा अविश्वास दाखवायला सांगताय, तेही तुम्हीच. मग या एकोणतीसवर तरी कसा ठेवू?’

‘ठेवू नका. उद्या स्वतः जा. हिला घेऊन जा. मी येत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी वर गेल्या आणि कानसेन रोपवाटिकेत वहिनींच्या जागी बसला. माती भरता भरता त्याने सात पिशव्या फाडल्या. काल आपल्यालाच भास झाला असला तर? रस्ता, मनोरा, पत्र्याची दुकानं, असं सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. दहा वाजले, अकरा वाजले. फाटक वाजलं तरी तो माती भरतच राहिला.

मॅडम आधी आल्या. त्यांचे बूट, गुडघे, कोपर, सगळं हिरवं झालं होतं. ‘अठ्ठावीस,’ त्या म्हणाल्या.

‘एक कमी कशी?’

‘पहिली सुई दिसताच मी किंचाळले, तेव्हा एक उडून गेली,’ त्या ओशाळून हसल्या. ‘माथा बंदच राहील, काका. पुढची दहा वर्षं तरी. सहा वर्षांचे आकडे मी खोडतेय आणि शेजारी कारण लिहितेय, तुम्ही सांगितलंत तसंच. लाज वाटून घेऊ नका. हे कारण लिहून देणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता.’

कानसेनने हात जोडले. बोलला असता तर काहीतरी तिरकसच बोलला असता.

मॅडमची गाडी गेल्यावर वहिनी फाटलेल्या पिशव्या मोजत बसल्या होत्या. तो शेजारी येऊन बसला. सुईचा आवाज कसा होता ते त्याने मनात आणून पाहिलं. टोचायचा एवढं आठवत होतं. आवाज आठवत नव्हता.

‘ऐक ना,’ तो म्हणाला. ‘करून दाखव की एकदा. कशी ओरडते ती?’

‘इश्श, मी काय पाखरू आहे?’

‘एकदाच.’

वहिनींनी इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मातीचे हात पदराला पुसून त्यांनी दातांमागे जीभ लावली, गाल आत ओढले आणि मान वर केली. त्यांच्या गळ्याची शीर थरथरताना कानसेन बघत होता. बराच वेळ त्या मनापासून करत होत्या. रोपांच्या रांगेतून वारा गेला तो त्याला ऐकू आला, लांबून सुतार ठोकत होता तोही ऐकू आला.

‘जमलं का?’ वहिनींनी धाप टाकत विचारलं.

‘जमलं,’ तो म्हणाला. ‘अगदी अशीच. आणखी एकदा कर.’