राखून ठेवलेली टेकडी

सुन्नाने फावड्याने बर्फ बाजूला सारलं, गुडघ्यांवर बसली आणि खड्ड्यात नाक घातलं. कुबट वास. रेनडियरच्या हिवाळी चाऱ्यावर, पांढऱ्या, कुरळ्या दगडफुलावर, करडी बुरशी जाळं विणून बसली होती. टेकडीच्या या अंगालाही तेच.

मागे कळप होता. रेनडियर खुरांनी उकरायचे, हुंगायचे आणि तोंड फिरवायचे. माद्या गाभण होत्या, त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. वादळाने खालचा रस्ता बंद पडलेला, त्यामुळे विकतच्या चाऱ्याचीही आशा नव्हती.

चूक तिचीच होती. यंदा जमीन गोठायच्या आधीच जाड बर्फ पडलं. असं झालं की कळप लगेच त्यावर घालायचा. खुरांनी बर्फ तुडवलं की गारठा जमिनीत उतरतो आणि खालच्या दगडफुलाला बुरशी धरत नाही. हे तिला काय माहीत नव्हतं? पण सगळ्यात चांगली टेकडी ऐन हिवाळ्यासाठी राखायची तिला हाव सुटली. चुलतभाऊ जोव्ना म्हणाला, माझा कळप आठवडाभर इथे चरू दे, तर त्यालाही तिने वाटेला लावलं. न तुडवलेल्या बर्फाच्या उबेत बुरशीचं मात्र चांगलंच फावलं.

आता कुठल्या तोंडाने जायचं? तरी ती बर्फावरची गाडी काढून जोव्नाच्या दरीतल्या तंबूत गेली.

"या राखणदारीणबाई!" तो म्हणाला. कॉफी मात्र ओतली त्याने. "काय म्हणते टेकडी?"

"सडली, दादा. सगळी."

त्याचं हसू मावळलं.

"पाय धरते तुझे. माझा कळप तुझ्या दरीत घे."

"अगं, माझ्याच जनावरांना पुरत नाहीये." त्याने विस्तवात लाकूड सारलं. मग त्यांच्या लोकांत कुणी कुणाला विचारत नाही ते त्याने विचारलं, "किती आहेत?"

कळपाचा आकडा विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून पेट्या उघडणं. सुन्नाने तो मुकाट्याने सांगितला.

"निम्मी जनावरं आण. जास्त घेतली तर तुझीही मरतील, माझीही. कोणती, ते तू ठरव."

"आणि बाकीची?"

"मला कशाला विचारतेस गं?" त्याचा आवाज फाटला.

ती परतली. गाडीचा आवाज ऐकताच चारा आला असं समजून सगळा कळप तिच्याकडे धावत सुटला, जड पोटांच्या माद्यासुद्धा. सुन्नाने गाडी बंद केली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. जनावरं तिचे हातमोजे हुंगत राहिली.