खंडेनवमीचा नवा बोर्ड

"मॅडम, हार जरा वर घ्या, बोर्ड झाकतोय!" सौरव खालून ओरडला.

शिडीवरच्या माधवीने हार वर घेतला. टिळकवाडीतल्या या कॉम्प्युटर क्लासात ती बावीस वर्षं शिकवत होती. सौरव तिचाच विद्यार्थी. प्रोग्राममध्ये एक अर्धविराम राहिला की अर्धा दिवस रडायचा. आता मालक होता. दर खंडेनवमीला नव्या कोर्सचा बोर्ड चढवायचा रिवाज मात्र त्याच्या वडिलांचा. जुने बोर्ड वाया जात नसत, त्यांचं गाड्या लावायला छप्पर केलं होतं. 'फ्लॅश'च्या बोर्डाखाली मालकाची गाडी असे. 'ब्लॉकचेन'चा बोर्ड गळायचा.

छपराखाली उचगावचा रवळू मुलीला, रचनाला, घेऊन उभा होता.

"बाई, पोरगीनं काय शिकावं? धा-पंधरा वर्सं तरी चालंल असं सांगा. थोरल्याला हितंच घातलतो. त्यो काय, वरचा कोर्स," त्याने फ्लॅशकडे बोट केलं. "शिकून हुतंय न्हाय तवर बंदच पडला की. आता काकतीत मोबाईलच्या काचा बदलतोय."

माधवी शिडीवरून उतरली. 'आता हेच चालणार' असं रवळूला तेव्हा तिनेच सांगितलं होतं. बोर्ड दरवर्षी नवा, वाक्य तेच. तिचे कान तापले.

"काळजीच सोडा, अण्णा," सौरव मध्ये पडला. "एआय. नव्वद दिवस. कोड लिहायचा नाही, वाचायचा नाही, मशीनच करतंय सगळं. सांगा की मॅडम."

"मशीननं चुकीचं लिहिलं तर?" माधवीने विचारलं.

"त्यालाच विचारायचं."

"त्यानं परत चुकीचंच सांगितलं तर?"

"मॅडम, आज सण आहे."

"बावीस वर्षं सणच करतोय रे आपण!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "रवळूअण्णा, तुमच्या पोराला मी फसवलं. कॉम्प्युटरच्या भाषा दर दसऱ्याला बदलतात. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचता आलं, चुकलं कुठं ते हुडकता आलं, तर पोरगी कुठल्याही भाषेत तरंल. ते नव्वद दिवसांत येत नाही. आणि त्याचा बोर्ड आम्ही कधीच लावला नाही."

सौरवने हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. "उद्यापासून येऊ नका, मॅडम."

मॅडम म्हणायला तो विसरला नाही. संस्कार तिचेच.

तो आत गेला. रवळू खाली मान घालून गाडी स्टँडवरून काढू लागला. रचना हलली नाही.

"बाई, चूक हुडकायची कशी?"

आत सगळे कॉम्प्युटर कुंकू लावून बंद होते. या दिवशी त्यांना कुणी हात लावत नसे. माधवीने पूजेच्या सामानातली रांगोळी उचलली आणि फरशीवर पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला. एका ओळीत मुद्दाम चूक केली.

"मशीन तू. एकेक ओळ कर. अडलीस की थांब."

आत आरती सुरू झाली. रचना तिसऱ्या ओळीवर अडली, मागे गेली, पुन्हा अडली. रवळूने गाडी परत स्टँडवर लावली. माधवी उकिडवी बसून राहिली. तिने उत्तर सांगितलं नाही.