मान हाती असताना

“पूड घेतली का?” मास्तरांनी विचारले.

मास्तर खुर्चीत मागे रेललेले, गळ्याभोवती पांढरे कापड, निम्मा चेहरा फेसात. सलूनवाल्या मामांचा वस्तरा नेमका त्यांच्या हनुवटीखाली पोहोचला होता.

“घेतली. सकाळी, उपाशीपोटी.”

“कशी लागली?”

“भिंतीचा पोपडा चाटावा तशी.”

“लागणारच! औषध गोड असतं तर आजारी पडायला लोकांनी रांगा लावल्या असत्या.”

मामा खोटे बोलत नव्हते. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते वस्तरा धरायला शिकले, त्याचा एकच दंडक होता. गिऱ्हाइकाची मान हाती असताना खोटे बोलायचे नाही. त्याने तुमच्यावर देवासारखा विश्वास टाकलेला असतो. मामांनी तो दंडक जन्मभर पाळला, आणि आता तोच त्यांच्या मुळावर आला होता. केमो सुरू झाल्यापासून येणारे प्रत्येक गिऱ्हाईक मायेने काहीतरी घेऊन येई. मळमळीवर आल्याच्या वड्या, तोंडाच्या फोडांवर मध, शिंप्याने तर कुठल्याशा पानांच्या अर्काच्या हिरव्यागार गोळ्या आणल्या. बोटांना मुंग्या येतात म्हटल्यावर पोस्टमनने जीवनसत्त्वांची अशी डबी दिली, की एकेक गोळी शर्टाच्या बटणाएवढी. पुढच्या खेपेला हीच मंडळी खुर्चीत बसून मान वर करीत आणि विचारीत, “घेतलं का?” तेव्हा ‘घेतलं’ म्हणायचे, तर आधी घ्यायला नको? आणि ‘नाही’ हा शब्द देवाने मामांच्या जिभेवर ठेवायचा राहूनच गेला होता.

बाकी मामा मजेत होते. केस गेले तेव्हा आरशात बघून म्हणाले, “जन्मभर लोकांची डोकी हलकी केली. माझं वरच्यानं फुकटात केलं. धंद्यातली सवलत!”

मामी मात्र कावली होती. “अहो, पुड्या ठेवायला घरात वाटी उरली नाही. पोटात तरी जागा आहे का?”

पुढच्या केमोच्या दिवशी पोटानेच उत्तर दिले. रक्त तपासले तर लिव्हरचे आकडे भलतेच चढलेले. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली आणि विचारले, “दुसरं काही औषध घेता?”

“नाही,” मामा म्हणाले. हा शब्द त्यांना सुचला तोही नको त्या जागी.

“नाही काय?” मामी उसळली. “सांगा की! पिशवी भरून घेतात हो हे!”

सिस्टरने ती पिशवीच आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी टेबलावर ती रिकामी झाली, तेव्हा सिस्टर बघतच राहिली.

“काका, हे पोट आहे की पोस्टाची पेटी? येईल तो टाकून जातो!”

मामा खाली मान घालून हसले.

“काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ‘नाही’ का म्हणालात?”

“त्यांनी औषधं विचारली. ही औषधं कुठं आहेत? ही माणसं आहेत.”

सिस्टरचा आवाज एकदम निवला. “माणसं राहू द्या. डबे परत करा. नेमकं कशानं बिघडलं ते सांगता येत नाही, म्हणून सगळंच बंद. आल्याचा तुकडा चघळा हवं तर. तोंडासाठी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. आणि काही नवीन आलं, तर आधी मला दाखवायचं.”

मामा ‘नाही’ म्हणायला शिकले. शिंपी म्हणाला, “मग त्या गोळ्या मी सासऱ्यांना देतो.” डबे परत करायला आलेली मामी ओरडली, “त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?” सलून हसले. रक्त पुन्हा तपासले, आकडे उतरले, केमोची तारीख मिळाली.

राहिले मास्तर. ते लेकीकडे गेले होते. त्यांची पूड पितळी डबीतली, मास्तरीणबाईंसाठी आणलेली. त्याही ह्याच दुखण्याने गेल्या. उरलेली पूड मास्तरांनी मामांना दिली, तेव्हा डबी सोडताना त्यांची बोटे जरा रेंगाळली होती.

मास्तर परत आले ते सरळ खुर्चीत बसले. एक गाल झाला. वस्तरा गळ्याशी आला.

“घेताय ना पूड?”

मामांचा हात थांबला. “नाही, मास्तर. बंद केली. दवाखान्यात सांगितलं, असलं काही घ्यायचं नाही, तोंडासाठी नुसत्या कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करायच्या.”

फेसातून मास्तरांचे शब्द हळूच आले. “मी तर तिला रोज देत होतो. म्हणजे मीच तिचं...”

“तसं कुणीच सांगू शकत नाही. सिस्टरसुद्धा म्हणाली, कशानं काय झालं ते कळत नाही.”

“पण चव तर वाईटच होती ना? कधी बोलली नाही.”

“कशा बोलतील? तुम्ही चमच्यानं भरवत होता ना? मग वहिनी पूड कुठं खात होत्या, मास्तर? त्या तुमच्या हातचं खात होत्या.”

मास्तरांनी डोळे मिटले. मग त्यांनी आपणहून हनुवटी वर केली, अगदी उंच. मामांनी मुंग्या आलेल्या बोटांनी, जपून, दुसरा गाल पुरा केला.

दाढी झाली तरी मास्तर गेले नाहीत. कापड सोडून उठले आणि म्हणाले, “बसा.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? खुर्चीत. गुळण्या करायच्यात ना तुम्हाला?”

मास्तरांनी कोपऱ्यातल्या शेगडीवर पाणी कोमट केले, मीठ टाकले, बोट बुडवून पाहिले. मामा आपल्याच सलूनच्या खुर्चीत अवघडून बसले होते. मास्तरांनी त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, टोके नीट खोचली आणि पेला त्यांच्या ओठांशी धरला.

“हळू,” मास्तर म्हणाले. “घाई नाही.”