बाबांचा डावा तळवा

आत्या आरशासमोर उभी होती आणि बाबा तिच्या पोटावर पेनाने वर्तुळं काढत होते. ही आखणी उभ्यानेच करायची. माणूस आडवा झाला की चरबी बाजूला सरकते आणि खुणा चुकतात.

"दादा, गुदगुल्या होतात रे."

"हलू नकोस, नकाशा बिघडेल."

"बिघडू दे. त्यात आता नुसते डोंगरच उरलेत."

मी त्यांच्याच दवाखान्यात भूल देते. चरबी ओढताना बाबांचा उजवा हात नळी चालवतो, डावा तळवा कातडीवर सपाट असतो. नळीचं टोक किती खोल गेलंय, ते तळव्याला कळतं. पूर्वी हे करताना बाबा भिंतीकडे बघायचे. हल्ली तळव्याकडे बघतात. मधुमेहाने बोटं बधिर झालीत का, असं विचारलं तर म्हणाले, "थंडी आहे."

"आत्या, चरबी गोठवायच्या मशीनचं बघू या ना. नळी नाही, टाके नाहीत."

"मशीनला काय कळतंय? त्याच्या वाटीत मावेल तेवढंच ओढणार. माझं पोट काय त्याच्या मापाचं आहे?"

तिचं चूक नव्हतं. जुन्या ऑपरेशनच्या व्रणाभोवती तिची चरबी खालीवर झाली होती. तिथे हातच हवा होता. फक्त हा हात नको.

मी पेनाचं टोपण उचललं. "बाबा, भिंतीकडे बघा. डावा हात द्या." टोपणाची कड तळव्यात रुतवली. "काय लावलंय?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "लावलंस तरी का काही?"

आत्या हसली नाही. गाऊनची नाडी तिने बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"दादा, जमेल ना तुला?"

"आयुष्यभर हेच केलंय."

"मग झालं तर."

"आत्या, नळी आतड्यात घुसू शकते!"

"तू गप गं. इतक्या परक्या बायका त्याच्या भरवशावर झोपल्या, आणि सख्ख्या बहिणीने नको म्हणायचं? कोलमडेल तो."

"मग मी भूल देणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "दुसरा भूलतज्ज्ञ बोलावतो," म्हणत ते फोन करायला बाहेर गेले.

आत्याने माझं मनगट धरलं.

"तूच थांब ना गं," ती म्हणाली. "अनोळखी माणसासमोर मला झोपायची भीती वाटते."